गोळा स्वस्त आहे, पण तो मारायला जायचं किती जवळ? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकेच्या झुमवॉल्ट या युद्धनौकेवरच्या मोठ्या तोफा काढून तिथे हायपरसॉनिक (आवाजाच्या पाचपटीहून वेगवान) मिसाईलच्या नळ्या बसवल्याची चार ओळींची बातमी दिली होती, शेजारी रेलगनचा, म्हणजे दारूऐवजी विजेच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या तोफेचा, एक फोटो होता. त्या फोटोवरूनच इतके मेल आले की यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. बरेच प्रश्न सारखेच होते, ते एकत्र करून घेतलेत.

प्रश्न – नाशिकहून एक वाचक: सर, रेलगनचा गोळा २५ हजार डॉलरचा आणि अमेरिकेचं टॉमहॉक हे लांब पल्ल्याचं मिसाईल २० लाख डॉलरचं असं वाचलं. म्हणजे एका मिसाईलच्या पैशात ८० गोळे! गोळ्यात दारू नाही, जहाजात आग लागायची भीती कमी, आणि स्पीड आवाजाच्या सातपट. एवढं सगळं असून अमेरिकेने २०२१ मध्ये काम का थांबवलं? मिसाईल कंपन्यांचं प्रेशर असणार असं मला वाटतं.

उत्तर: प्रेशरचं माहीत नाही, पण त्याची गरजच नाहीये, कारण हिशोबातच उत्तर आहे. २५ हजाराचा आकडा २०१४ च्या आसपास नेव्हीचे अधिकारी सांगायचे तो, पुढे गोळ्यात दिशा धरणारी इलेक्ट्रॉनिक्स बसवायची ठरली तसा तो लाखाच्या जवळ सरकत गेला. तरी स्वस्तच म्हणा. मिसाईलच्या मानाने काहीच नाही.

खरी अडचण पल्ल्याची आहे. ३२ मेगाज्यूल ताकदीची (ही किती ते पुढच्या उत्तरात) जी गन अमेरिका बनवत होती तिचा पल्ला साधारण १८५ किलोमीटर धरला होता, म्हणजे मुंबईहून डागली तर नाशिकच्या जरा पुढे. टॉमहॉक १६०० किलोमीटर जातं. आता तुम्ही जहाजाचे कॅप्टन आहात आणि शत्रूच्या किनाऱ्यापासून ५० किलोमीटर आत असलेला एखादा रडार तळ उडवायचाय, तर १८५ मधले ५० आतच गेले, उरले १३५. म्हणजे किनाऱ्यापासून १३५ किलोमीटरवर तुम्हाला जहाज न्यायला लागणार, आणि ते ही एकदा गोळा मारून पळायला नाही, स्वस्त गोळ्याचा फायदा घ्यायचा म्हणजे तिथे तासन्‌तास उभं राहून मारत बसायला लागणार. आणि त्याच किनाऱ्यावर झाडाखाली एका ट्रकवर ३०० किलोमीटर पल्ल्याचं, जहाजं बुडवणारं अँटीशिप मिसाईल उभं असेल तर?

ही नुसती कल्पना नाही बरं का. १४ एप्रिल २०२२ ला रशियाचं मॉस्कवा क्रूझर बुडालं ते युक्रेनच्या किनाऱ्यावरून सुटलेल्या नेपच्यून मिसाईलने. जुलै २००६ मध्ये इस्रायलच्या हनित या युद्धनौकेला लेबनॉनच्या किनाऱ्यावरून मिसाईल बसलं, तिथे तर समोर कुठल्या देशाची नेव्ही सुद्धा नव्हती, हिजबुल्ला ही सशस्त्र संघटना होती. आणि फेब्रुवारी १९९१ चं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेचं मिसुरी हे जुनं बॅटलशिप कुवेतच्या किनाऱ्यावर १६ इंची तोफांनी मारा करत होतं, त्या तोफांचा पल्ला ३८ किलोमीटर, म्हणजे किनाऱ्याला चिकटूनच उभं राहायला लागायचं, आणि इराक्यांनी तिच्यावर सिल्कवर्म मिसाईल सोडलं. ब्रिटिशांच्या ग्लॉस्टर या जहाजाने ते हवेतच पाडलं म्हणून वाचली. त्याच युद्धात अमेरिकी नेव्हीने २८८ टॉमहॉक सोडली, ती सोडणारी जहाजं कुठे लाल समुद्रात तर कुठे आखातात दूर उभी होती.

म्हणून मी म्हणतो, गोळ्याची किंमत काढताना जे जहाज धोक्यात नेताय त्याची आणि त्यावरच्या तीनशे माणसांचीही किंमत धरायला पाहिजे. ती धरली की ८० गोळ्यांचा हिशोब उलटतो.

प्रश्न – सांगलीहून एक शिक्षक: मुलांना शिकवताना उपयोगी पडेल म्हणून विचारतो, रेलगन चालते कशी आणि ३२ मेगाज्यूल म्हणजे नेमकी किती ताकद? स्फोटकाशिवाय बिल्डिंग पडेल का?

उत्तर: सर, तुमचा प्रश्न फार आवडला. दोन जाड धातूचे रूळ समांतर ठेवायचे, अगदी रेल्वेचे असतात तसेच, म्हणून तर रेलगन. मध्ये दोन्ही रुळांना टेकलेला एक ॲल्युमिनियमचा तुकडा, त्याला आर्मेचर म्हणतात, त्याच्या पुढे गोळा. एका रुळातून करंट जातो, आर्मेचरमधून पलीकडे, दुसऱ्या रुळातून परत. त्या करंटमुळे दोन रुळांच्या मध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि तेच क्षेत्र आर्मेचरला पुढे ढकलतं. डाव्या हाताचा नियम तुम्ही मुलांना शिकवताच, तोच आहे हा. फक्त शाळेत आपण एखाद दुसरा अँपिअर वापरतो, इथे काही दशलक्ष अँपिअर आणि ते ही सेकंदाच्या शंभराव्या भागात. एवढा करंट सरळ जनरेटरमधून मिळत नाही म्हणून वीज साठवणारे खोलीभर कपॅसिटर आधी भरून ठेवायचे आणि एकदम रिकामे करायचे.

ताकदीचं असं बघा, एक टन वजनाची गाडी एक्सप्रेसवेवर १०० च्या स्पीडने चाललीये, तर तिच्यात साधारण ०.४ मेगाज्यूल गतिज ऊर्जा असते. म्हणजे ३२ मेगाज्यूल म्हणजे अशा ८० गाड्या एकदम, आणि ती सगळी ताकद दहा किलोच्या एका गजात. १० डिसेंबर २०१० ला व्हर्जिनियातल्या डालग्रेन इथे अमेरिकी नेव्हीने ३३ मेगाज्यूलचा बार उडवला होता, त्याचा व्हिडिओ मुलांना जरूर दाखवा, दारू नसूनही नळीच्या तोंडाशी आगीचा केवढा लोळ दिसतो, तो गरम झालेल्या धातूच्या आणि हवेच्या कणांचा आहे.

पण आता दुसरी बाजू, आणि ही सुद्धा मुलांना सांगा कारण बातम्यांमध्ये ती येत नाही. एक किलो टीएनटी या स्फोटकामध्ये साधारण ४.२ मेगाज्यूल असतात. म्हणजे ३२ मेगाज्यूल म्हणजे साडेसात किलो टीएनटी, बस. ती पण नळीच्या तोंडाशी. हवेचं घर्षण खात खात गोळा लक्ष्यावर पोचेपर्यंत त्याचा स्पीड आवाजाच्या पाचपटीवर आला असं धरलं तर उरतात चौदा-पंधरा मेगाज्यूल, म्हणजे साडेतीन किलो. टॉमहॉकच्या तोंडात ४५० किलोचा बॉम्ब असतो. आता नुसत्या ऊर्जेवरून तुलना करणं पूर्ण बरोबर नाही हे मान्य, कारण गज एका ठिकाणी घुसतो, काँक्रीट भेदतो, एखाद्या रडारवर किंवा उभ्या विमानावर नेमका बसला तर साडेतीन किलो सुद्धा पुरे झाले. पण बिल्डिंग पडेल का विचाराल तर नाही, भोक पडेल.

एप्रिल २०१७ मध्ये सीरियाच्या शायरात विमानतळावर अमेरिकेच्या दोन डिस्ट्रॉयरनी ५९ टॉमहॉक सोडली होती. ५९ गुणिले ४५० म्हणजे साडेसव्वीस टन. तेवढीच ऊर्जा रेलगनने पोचवायची तर सात हजारांच्या वर गोळे लागतील, मिनिटाला दहा मारले तरी बारा तासांच्या वर. आणि एवढं करूनही त्या विमानतळावरून दुसऱ्याच दिवशी विमानं उडत होती हे पण विसरून चालणार नाही, जमिनीवरचा तळ बंद पाडणं हे दिसतं तितकं सोपं काम नाहीच, मिसाईलने सुद्धा नाही.

प्रश्न – डोंबिवलीहून: झुमवॉल्टवरच्या तोफा का काढल्या? त्या रेलगन होत्या का?

उत्तर: नाही, नाही, हा गोंधळ आमच्या फोटोमुळे झाला, माफ करा. झुमवॉल्टवर १५५ मिलिमीटरच्या दोन दारूच्याच तोफा होत्या, त्या खास जमिनीवर मारा करायला बनवलेल्या, आणि त्यांच्यासाठी शंभरएक किलोमीटर जाणारा रॉकेट बसवलेला स्पेशल गोळा. आधी अशी ३२ जहाजं बांधायची होती. मग खर्च वाढला, जहाजं कमी करत करत तीनवर आली. आता गोळ्याचा कारखाना, डिझाईन, टेस्टिंग हा सगळा खर्च ३२ जहाजांच्या गोळ्यांवर वाटला जाणार होता तो तीन जहाजांच्या गोळ्यांवर पडला आणि एका गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरच्या वर गेली. जवळजवळ मिसाईलच की! २०१६ मध्ये गोळ्याची खरेदीच थांबवली आणि ती तोफ दुसरा कुठलाही गोळा घेत नव्हती, म्हणजे प्रत्येक जहाजावर दोन तोफा आणि मारायला काही नाही अशी अवस्था. खलाशांना किती वाईट वाटत असेल. २०२३ मध्ये ते जहाज मिसिसिपीतल्या पास्कागूला यार्डात गेलं आणि तोफेच्या जागी हायपरसॉनिक मिसाईलच्या चार मोठ्या नळ्या आल्या, एकेकीत तीन.

नाशिकच्या वाचकांनी हे पण वाचावं. गोळा स्वस्त म्हणजे कधी स्वस्त, तर तो हजारोंनी बनला तर. आणि स्वस्त गोळा लांब आणि नेमका जायला पाहिजे म्हटलं की त्यात जीपीएस आलं, पंख आले, आणि ते सगळं बार उडताना टिकायला पाहिजे. दहा मीटरच्या नळीत शून्यापासून सेकंदाला अडीच किलोमीटर असा स्पीड घ्यायचा म्हणजे गोळ्यातल्या प्रत्येक चिपवर गुरुत्वाकर्षणाच्या तीस हजारपट जोर येतो. मिसाईलला हा त्रास नाही, ते उठतं हळूहळू, वाटेत वळतं, डोंगराच्या आडून जातं.

प्रश्न – देवगडहून: आमच्या बाजूला विजयदुर्ग आहे, १७५६ ला इंग्रजांनी समुद्रातून तोफा डागून आंग्र्यांचं आरमार जाळलं हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. आपल्या नेव्हीने असं कुणाच्या किनाऱ्यावर केलंय का?

उत्तर: केलंय, आणि तुमच्या प्रश्नात तोफ की मिसाईल याचं आपल्याच शेजारचं उदाहरण दडलेलं आहे. आधी आपण मार खाल्लेला सांगतो. सप्टेंबर १९६५, ७ आणि ८ तारखेच्या मधली रात्र, पाकिस्तानची सात जहाजं गुजरातच्या द्वारकेसमोर आली आणि तोफांनी साडेतीनशेच्या आसपास गोळे मारून गेली. नुकसान किती, तर अगदी थोडं, बरेचसे गोळे फुटलेच नाहीत, मोकळ्या जागेत पडले. पण नेव्हीच्या मनाला ती गोष्ट लागली.

मग डिसेंबर १९७१. मुंबईहून निघालेल्या आपल्या मिसाईल बोटी, निपात, निर्घात आणि वीर, ४ तारखेच्या रात्री कराचीवर गेल्या. या बोटी मुळात रशियाने बंदराच्या रक्षणासाठी बनवलेल्या, लांब जायला इंधन पुरायचं नाही म्हणून वाटेत दुसऱ्या जहाजांनी त्यांना ओढत नेलं. त्यांच्यावरच्या स्टिक्स मिसाईलनी पाकिस्तानचं खैबर बुडालं, मुहाफिज बुडालं. आणि हे खैबर कुठलं, तर १९६५ ला द्वारकेसमोर आलेल्या सातातलंच एक. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. मग ८ तारखेच्या रात्री विनाश ही बोट परत गेली, सोबत तलवार आणि त्रिशूळ या युद्धनौका, आणि विनाशने चार मिसाईल सोडली त्यातलं एक कराचीतल्या किमारीच्या तेलाच्या टाक्यांवर गेलं. स्टिक्स हे खरं तर जहाजांवर मारायचं मिसाईल, त्याच्या रडारला धातूचं मोठं धूड दिसलं पाहिजे एवढंच, आणि तेलाची टाकी म्हणजे धातूचं मोठं धूडच.

एकीकडे साडेतीनशे गोळे आणि जवळजवळ काही नाही, दुसरीकडे चार मिसाईल आणि कराचीचं आकाश लाल. अर्थात १९६५ च्या तोफा जुन्या होत्या आणि नेम अंधारात धरलेला, त्यामुळे सगळा दोष तोफेचा नाही. पण आपल्या नेव्हीने त्या आठवड्यात जो धडा घेतला तो पुढे सोडला नाही, ४ डिसेंबरला नौदल दिन असतो तो याच कामगिरीमुळे. आज माझगाव डॉकने बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या जहाजांवर, त्यात गोव्याच्या बंदराचं नाव घेतलेली मुरगाव पण आली, सोळा ब्रह्मोस आहेत आणि मुख्य तोफ आहे फक्त ७६ मिलिमीटरची एक. ब्रह्मोस जहाजावर पण मारता येतं आणि जमिनीवर पण, एप्रिल २०१७ मध्ये आयएनएस तेगवरून जमिनीवर मारून दाखवलं होतं.

प्रश्न – ठाण्याहून: ब्रह्मोसमध्ये पण स्पीड आहे आणि स्फोटक पण आहे, मग रेलगन कशालाच हवी?

उत्तर: जमिनीवर मारायला नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. पण एक गोष्ट मिसाईलवाल्यांनी ऐकून घ्यायला पाहिजे. सोळा म्हणजे सोळा. सोळा सोडली की जहाज बंदरात परत. अमेरिकेच्या डिस्ट्रॉयरवर नव्वदच्या वर नळ्या असतात, त्यांना सुद्धा रिकाम्या झाल्यावर बंदर गाठावं लागतं, भर समुद्रात क्रेनने नळी भरायचा प्रयोग त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये कुठे करून बघितला. आणि त्या नळ्यांमधली निम्मी अर्धी तर येणारी मिसाईल आणि ड्रोन पाडण्यासाठीच ठेवायला लागतात. लाल समुद्रात येमेनमधल्या हूती बंडखोरांचे स्वस्तातले ड्रोन पाडायला लाखो डॉलरची मिसाईल खर्ची पडली हे सगळ्यांनी बघितलंय.

म्हणजे रेलगनची जागा तिथे आहे, स्वतःच्या जहाजाचं रक्षण करायला. तिथे शत्रू आपल्याकडे येतोय, आपल्याला जवळ जायची गरज नाही, १८५ किलोमीटर पल्ल्याची पण गरज नाही, आणि समोरचं मिसाईल पत्र्याचं असतं, छोटा गोळा बसला तरी बस. जपानने हेच ओळखलंय असं वाटतं. त्यांची गन ४० मिलिमीटरचीच आहे, गोळा ३२० ग्रॅमचा, पण स्पीड सेकंदाला २२०० मीटरच्या वर. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी ती जहाजावरून उडवली आणि २०२५ मध्ये आसुका या प्रयोगाच्या जहाजावरून समोरच्या लक्ष्यावर. चीनने २०१८ मध्ये एका लँडिंग शिपच्या नाकावर भलं मोठं काहीतरी बसवलं होतं त्याचे फोटो सगळीकडे फिरले, रेलगनच असावी असं जाणकार म्हणतात.

आणि अमेरिकेने जे गोळे रेलगनसाठी बनवले ते वाया गेले नाहीत. तेच गोळे साध्या दारूच्या तोफेतून मारले तर स्पीड कमी मिळतो, पण नेहमीच्या गोळ्यापेक्षा पुष्कळ जास्त. २०१८ मध्ये ड्यूई या जहाजाच्या पाच इंची तोफेतून असे वीस गोळे मारून बघितले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये आर्मीच्या तोफेतून मारलेल्या अशा गोळ्याने क्रूझ मिसाईलची नक्कल करणारं एक ड्रोन पाडलं. रेलगनचं काम थांबवायला हे पण एक कारण झालं, कारण निम्मा फायदा आहे त्या तोफेतूनच मिळायला लागला.

प्रश्न – रत्नागिरीहून: आपल्या जुन्या जहाजावर रेलगन बसवता येईल का?

उत्तर: अवघड आहे, वीज पुरणार नाही. समजा एका बाराला १०० मेगाज्यूल लागतात, म्हणजे दोन तृतीयांश वाया जातात असं धरून, आणि मिनिटाला दहा बार, तर सतरा मेगावॅट नुसते तोफेला. अमेरिकेच्या जुन्या बर्क वर्गाच्या जहाजाचे सगळे जनरेटर मिळून दहा मेगावॅटच्या आत आहेत. झुमवॉल्टकडे ७८ आहेत म्हणून तर रेलगनसाठी तिचं नाव घ्यायचे. जपानसारखी छोटी गन असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न – पुण्याहून, बारावीचा एक विद्यार्थी: सर, भारतात रेलगनवर काम चालतं का? मला त्यात काम करायचं असेल तर काय शिकू?

उत्तर: चालतं, आणि तुझ्याच गावात. पाषाणला डीआरडीओची एआरडीई ही लॅब आहे, पिनाका रॉकेट तिथलंच. तिथे १२ मिलिमीटर चौकोनी नळीच्या रेलगनची टेस्ट झाल्याची बातमी २०१७ मध्ये आली होती, पुढची ३० मिलिमीटरची, १० मेगाज्यूलची कपॅसिटर बँक आणि एक किलोचा गोळा सेकंदाला दोन हजार मीटरने फेकायचा. काम छोटं आहे पण ते बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं, फक्त जमिनीवरच्या माऱ्याचं स्वप्न न बघता, आपल्याकडे येणारं मिसाईल पाडायची गन म्हणून ते वाढवलं पाहिजे.

शिकायचं म्हणशील तर सगळे इलेक्ट्रिकलच सांगतील. कपॅसिटर, स्विच यांचं गणित जगात बरंचसं सुटलेलं आहे. न सुटलेलं आहे ते रुळांचं. दशलक्ष अँपिअर वाहताना आर्मेचर वितळतं, रुळावर ॲल्युमिनियमचा थर बसतो, ठिणग्या उडतात, रुळावर खड्डे पडतात, शिवाय दोन्ही रूळ एकमेकांना बाहेर ढकलत असतात. साध्या तोफेची नळी हजारो बार टिकते. जपानने १२० बार मारूनही रूळ चांगले राहिले असं जाहीर केलं तेव्हा ती बातमी झाली होती. तू मेटलर्जी, म्हणजे धातूंचं शास्त्र, घे.